बिनचिठ्ठीचं एक्स्चेंज

(शिओमाची वस्तीतल्या चिकुवा, म्हणजे माशांच्या लगद्याच्या भाजक्या नळ्या, बनवणाऱ्या कारखान्यामागची खोली. दुपार. तिघीजणी.)

ताझुको : २०१९ साल. सम्राट बदलले, हेइसेई शक संपून रेइवा लागला, तेच वर्ष. मे महिन्यात आमचं निरोपांचं योबिरिन सुरू झालं आणि डिसेंबरात आम्ही सगळं पुसलं.

शिमे : सगळं नाही, चिठ्ठ्या पुसल्या. सगळं पुसलं म्हणालीस तर ही बाई उठून बोटीकडे जाईल.

ओरिहारा : नाही, नाही. चारच्या बोटीपर्यंत आहे मी. आमच्या बेटावरच्या समितीचा एवढाच प्रश्न आहे, ताझुकोसान. योबिरिन त्यांना हवंय. मोठ्या कंपनीचं काही नको, हे सगळ्यांना पटलंय. फक्त कोणी, कोणाला, कधी निरोप पाठवला एवढी नोंद वर्षभर राहावी, असं त्यांचं म्हणणं आहे. निरोपात काय लिहिलंय ते नको.

ताझुको : ते मिळणार नाही.

ओरिहारा : का, ते विचारलं तर चालेल? मला परत जाऊन सात पुरुषांना सांगायचंय.

शिमे : सात पुरुष. बरीच मोठी किटली लागत असेल चहाला. सांग ताई, मी मध्ये बोलत नाही.

ताझुको : ती बोलेल. तुम्ही मनावर घेऊ नका. तर तेव्हा आमच्या वस्तीत त्रेसष्ट घरं होती. वस्तीच्या सूचना पाटीवरून फिरायच्या. तुमच्याकडेही फिरत असतील. आपण वाचायची, शिक्का मारायचा, शेजारच्या दारात नेऊन ठेवायची. २०१८ मध्ये अध्यक्ष काकुतानींनी ठराव आणला की पाटी बंद, आता 'हिदामारी' वापरायचं. तोक्योच्या एका कंपनीचं ॲप. सूचना, निरोप, म्हाताऱ्यांची सकाळची विचारपूस, सगळं त्यात आणि सगळं फुकट.

शिमे : काकुतानी म्हणजे रिटायर्ड मास्तर. फुकट म्हटल्यावर हात वर करायला सांगितले, सगळ्यांनी केले. मीही केला. मग एकदा सुनेला त्यावर लिहिलं की खोकलं की कपडे जरा ओले होतात, येताना काही तरी घेऊन ये. चौथ्या दिवसापासून फोन उघडला की लंगोटाची जाहिरात. एक हसरी बाई हातात म्हातारीचा लंगोट धरून उभी. आणि इथं कारखान्यात सात बायका माझ्या खांद्यावरून बघतायत.

ताझुको : ती तणतणत माझ्याकडे आली. मला मात्र राग आला नाही, लाज वाटली.

शिमे : अब्रू माझी गेली आणि लाज हिला वाटली.

ताझुको : कारण आम्ही दोघी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या. मी सत्तावन्न साली लागले, अठराव्या वर्षी. ही साठ साली आली, माझ्या शेजारच्याच खुर्चीवर. तेव्हा गावात कोणालाही फोन करायचा तर आधी आमच्याशी बोलावं लागे. आम्ही नंबर विचारायचा, बोर्डात दोरी खोचायची, पलीकडे घंटी द्यायची, आणि दोन्हीकडून मोशीमोशी, म्हणजे हॅलो, ऐकू आलं की कळ बंद करायची. कळ उघडी असेल तर सगळं ऐकू येतं. पहिल्या दिवशी मुख्य बाईंनी ती बंद करायलाच शिकवलं, बाकी सगळं नंतर.

शिमे : बोटांवर पट्टी मारून शिकवलं.

ताझुको : तुला. गावातली बाळंतपणं, भांडणं, ठरलेली आणि मोडलेली लग्नं, सगळं आमच्या एका बोटाखाली होतं, आणि आम्ही ते बोट आवरून धरलं. चौदा वर्षं. आणि आता ही कंपनी कळ उघडी टाकून बसली होती आणि त्यालाच सेवा म्हणत होती. मी काकुतानींना सांगितलं की आम्ही आमचं स्वतःचं बनवतो. ते हसले. अगदी सभ्यपणे हसले.

शिमे : म्हणाले, तुम्हा दोघींची वयं मिळवली तर एकशे पंचावन्न होतात. मास्तर ना, बेरीज चांगली.

ओरिहारा : मग बनवलं कोणी?

ताझुको : मुनेओकांनी. ते आमच्या एक्स्चेंजचे दुरुस्तीवाले. पुढं आपोआप जोडणारी यंत्रं आली, तेव्हा ते त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहायला शिकले. रिटायर झाल्यावर मुळे लावत होते.

शिमे : मी जाऊन सांगितलं, मुनेओकासान, तुमचे मुळे पोकळ निघतात, शेजारीपाजारी तोंडावर बोलत नाहीत इतकंच. दुसरं काही तरी लावा.

ताझुको : तुम्हाला माहीत असेल, जगभर लोक असले प्रोग्राम लिहून सगळ्यांसाठी मोकळे ठेवतात. मुनेओकांनी कुलूप तिथून घेतलं. निरोप पाठवणाऱ्याच्या फोनवर बंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. मधे आम्हालाही वाचता येत नाही. कुलूप घरी बनवायचं नाही, जाणत्यांनी तपासलेलंच वापरायचं, असा त्यांचा आग्रह. मधलं एक्स्चेंज मात्र त्यांना आपलं हवं होतं. मला म्हणाले की बोर्डावर तुम्ही काय काय करायचात ते क्रमानं सांगा, मी तसंच लिहीत जातो. तीन आठवडे मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून सांगत होते. डोळे मिटले की हात आपोआप चालायचे.

शिमे : हवेत दोऱ्या खोचायची. मुनेओकाची बायको मला बाजूला घेऊन विचारते, यांना डॉक्टरकडे न्यायचं का?

ताझुको : यंत्र जेवणाच्या डब्याएवढं झालं. सभागृहाच्या कपाटात, उत्सवाच्या कंदिलांशेजारी बसवलं. नाव ठेवलं योबिरिन, म्हणजे आपली दारावरची घंटी. त्रेसष्टातली एक्केचाळीस घरं आली. प्रत्येक घराला बाहेरगावचं एक माणूस जोडायची मुभा दिली, कारण म्हाताऱ्यांची मुलं सगळी ओसाकाला नाहीतर नागोयाला. वर्तमानपत्रात आमचा फोटो छापून आला, योबिरिनवाल्या आज्या म्हणून. ते मला फार आवडलं होतं, हेही सांगून ठेवते.

शिमे : हिदामारीचा माणूस दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी टॉवेलांची पेटी घेऊन. मी म्हटलं, आधी लंगोट, आता टॉवेल, आमच्या घरी बाळंतपण आहे का? पेटी परत दिली.

ओरिहारा : आणि नोंदी?

ताझुको : नोंद मीच ठेवायला लावली होती.

शिमे : हे ती कोणाला सांगत नाही.

ताझुको : बोर्डावर प्रत्येक कॉलची एक चिठ्ठी असे. कोणाचा नंबर, कोणाला, किती वाजता जोडला, किती वाजता तोडला. बिलासाठी लागायची ती. डावा हात दोरी खोचतो, उजवा चिठ्ठी लिहितो. त्यात डोकं लागत नाही. मुनेओकांना क्रम सांगताना मी सांगून गेले : नंबर विचारा, दोरी खोचा, घंटी द्या, कळ बंद करा, चिठ्ठी लिहा, दोरी काढा. त्यांनी तसंच लिहिलं. योबिरिनला बिल नव्हतंच, मग चिठ्ठी कशाला, हे मला सुचलं नाही. त्यांनाही नाही. एक्स्चेंज म्हटलं की चिठ्ठी आलीच.

शिमे : मलाही कुठं सुचलं. तिघंही एका घाण्याचे बैल. बाहेरच्या कोणी पाहिलं असतं तर पहिल्या दिवशी विचारलं असतं.

ताझुको : मुनेओका तर दर महिन्याला सभेत तक्ता लावायचे. या महिन्यात इतके निरोप, सर्वांत जास्त दुपारच्या सुट्टीत. काकुतानींना तो तक्ता आवडायचा. योबिरिनमधलं तेवढंच एक त्यांना आवडायचं.

ओरिहारा : मग कोणी तरी चिठ्ठ्या मागितल्या.

शिमे : चिगुसाच्या मागावर आला एक जण.

ताझुको : आधी चिगुसा कोण ते सांग.

शिमे : माझ्याकडे कामाला होती. त्या फेब्रुवारीत आली, दोन पिशव्या आणि सहा वर्षांची पोर. मी विचारलं, मासे साफ करता येतात? म्हणाली, नाही. शिकशील? म्हणाली, शिकेन. पुढं काही विचारलं नाही मी. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. मोडून तशीच जुळलेली. चिकुवा काठीवर थापायला दहा बोटं लागतात, ती आठांवर शिकली. जेवणाच्या सुट्टीत मागच्या पायरीवर बसून आईला निरोप पाठवायची, तोत्तोरीला. बाहेरगावचं माणूस म्हणून आईला जोडलेलं.

ताझुको : डिसेंबरातला रविवार होता. वर्षअखेरची साफसफाई म्हणून सकाळपासून आम्ही तिघं सभागृहात. काकुतानी आले. त्यांच्या घरी बैठकीत एक पाहुणा बसला होता. पोशाख नीटनेटका, बोलणं मऊ, येताना कास्तेरा केकची पेटी आणलेली. बायको मनानं आजारी आहे, मुलीला घेऊन निघून गेली, दहा महिने शोधतोय, असं त्यानं सांगितलं. सासूच्या फोनवर त्याला आमच्या घंटीचं चित्र दिसलं होतं, आणि वर्तमानपत्रातल्या फोटोवरून वस्ती सापडली. दारोदार फिरून कोणाला त्रास द्यायचा नाही, म्हणून एवढीच विनंती होती की सासूच्या नंबरवर कोणत्या घरातून निरोप जातात ते सांगावं. काकुतानींचे डोळे भरून आले होते. तो माणूस वाईट नाही.

शिमे : काकुतानी वाईट नाही म्हणतेय ती. दुसऱ्याबद्दल नाही.

ताझुको : त्यांनी दारातूनच मुनेओकांना सांगितलं की तुमच्या चिठ्ठ्यांमध्ये बघा जरा. आणि मुनेओकांनी बघितलं. सवयीनं. कोणी विचारलं की काढून बघायचं, चाळीस वर्षं तेच केलेलं. पडद्यावर रांग आली. रोज बारा चाळीस. एकच घर, एकच नंबर. शिमेनं माझं मनगट धरलं.

शिमे : घर माझ्याच कारखान्याच्या वरच्या मजल्यावरचं होतं. ओळखायला काय वेळ लागतो?

ओरिहारा : काकुतानींनी पाहिलं ते?

ताझुको : ते दारात बूट काढत होते. गुडघे दुखतात त्यांचे, बसून काढावे लागतात. तेवढाच काय तो वेळ मिळाला. मी मुनेओकांना म्हटलं, "पुसा."

शिमे : मुनेओका पांढराफटक. म्हणाला, "चिठ्ठी नष्ट करता येत नाही, ताझुकोसान. नियम आहे."

ताझुको : "कोणाचा नियम?" मी विचारलं. "ते एक्स्चेंज पाडून तिथं गाड्या लावतात आता."

शिमे : तोवर काकुतानी आत. काय पुसताय म्हणून विचारलं. हिनं लपवलं नाही, म्हणाली, चिठ्ठ्या, एक्केचाळीस घरांच्या, सगळ्या. तोवर ते शेजारी होते, आता अध्यक्ष झाले. "कपाट वस्तीचं, वीज वस्तीची, यंत्र वस्तीचं. एक नवरा माझ्या घरी बसून रडतोय, आणि तुम्ही मला नाही म्हणणार?"

ताझुको : "हो," म्हटलं. "तुम्हाला नाही म्हणतेय."

शिमे : आयुष्यात कोणी त्यांना असं म्हटलं नसेल. मास्तरला कोण म्हणतंय. आणि मग हिनं ते सांगितलं. एकोणसाठ वर्षं माझ्या शेजारी बसली, माझ्या लग्नात गाणं म्हणाली, पण मला नव्हतं सांगितलं.

ताझुको : बासष्ट सालची गोष्ट. जहाजांच्या कारखान्यात संप होणार होता. मुख्य बाई रजेवर होत्या. एक गृहस्थ आले, बोलणं मऊ, हातात मिठाईची पेटी. युनियनच्या माणसाच्या घरी गोदीतून रोज कोण फोन करतं, एवढंच हवं होतं त्यांना. बोलणं काय होतं ते नको म्हणाले, नुसता नंबर. मी तेवीस वर्षांची. बोलणं बाहेर सांगायचं नाही, हे मला शिकवलं होतं. चिठ्ठीबद्दल कोणी काही शिकवलं नव्हतं. मी गठ्ठा काढला आणि नंबर वाचून दाखवला. फोन करणारे ते उत्सुमी नावाचे कामगार होते. महिन्याभरात त्यांना कामावरून काढलं. मार्चमध्ये ते कुटुंब बोटीनं गाव सोडून गेलं. धाकटी आईच्या पाठीला बांधलेली, थोरलीच्या हातात भाताचा डबा. मी धक्क्यावर होते, दुसऱ्या कोणाला तरी पोचवायला गेलेली. थोरलीनं मला हात हलवला. ओळख नसताना.

शिमे : आणि ती मिठाई आम्ही सगळ्या पोरींनी खाल्ली. माझ्या वाट्याला दोन आल्या होत्या. राजम्याच्या सारणाच्या. मला आठवतात.

ताझुको : मी काकुतानींना म्हटलं, "आत काय लिहिलंय ते कळलं नाही तरी माणूस सापडतो. मी एक शोधून दिलाय. दुसरा देणार नाही."

शिमे : मग मुनेओका उठला आणि खुर्ची हिला दिली. यंत्रानं विचारलं, नक्की पुसायचं? हिनं हो केलं. परत विचारलं. परत हो. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी ते बादलीत घातलं असतं, फरशीचं पाणी समोरच होतं.

ताझुको : चार हजार दोनशे अठरा चिठ्ठ्या होत्या. मग मुनेओका परत बसले आणि चिठ्ठी लिहिणारा प्रोग्रामचा तुकडाच काढून टाकला. सोळा ओळी. एकही ठेवली नाही. काकुतानींनी विचारलं की आता त्याला काय सांगू. मी म्हटलं, चिठ्ठ्या नाहीत म्हणून सांगा. आता ते खरं आहे.

ओरिहारा : आणि त्यांनी तसंच सांगितलं?

ताझुको : तसंच. पाहुण्यानं आवाज चढवला नाही. अर्धा चहा तसाच ठेवून उठला, आणि जाताना कास्तेराची पेटी उचलून घेऊन गेला.

ओरिहारा : आणलेली भेट परत नेली?

शिमे : फीत तशीच बांधलेली. काकुतानींची बायको बशा मांडत होती.

ताझुको : सत्तर वर्षांत काकुतानींनी असं पाहिलं नव्हतं. ते परत सभागृहात आले, झाडू घेतला आणि व्हरांडा झाडायला लागले. बराच वेळ एकच जागा झाडत होते. मग म्हणाले की तो माणूस बायकोसाठी रडत नव्हता.

शिमे : तो तीन दिवस गावात होता. कारखान्यातही आला. आत आठ बायका, पांढऱ्या टोप्या, पांढरे मास्क, रबरी बूट, कोण कोणाची आई ते आमचं आम्हाला कळत नाही. दारात उभा राहून एकेकीकडे बघत होता. मी विचारलं, काय देऊ? त्यानं दोन चिकुवा घेतले. सातजणींनी मान वर केली नाही, म्हणून आठवीलाही करावी लागली नाही. तिच्या काठीवरचा चिकुवा मात्र त्या दिवशी वाकडा झाला. मी तसाच भाजला.

ओरिहारा : पण चिठ्ठ्या पुसल्या म्हणजे विषय संपला ना?

ताझुको : नाही. सात महिने आम्ही लोकांना न विचारता चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. हिदामारीला नावं ठेवत होतो आणि कपाटात तेच करत होतो. मी ते सगळं कागदावर लिहिलं, काय झालं, कोणाच्या चुकीनं झालं, आणि जुनी पाटी माळ्यावरून काढून घरोघर फिरवली. ज्यांना सोडून जायचं असेल त्यांनी जावं असं खाली लिहिलं. चिगुसाचं नाव अर्थातच नव्हतं. पाटी एकविसाव्या दिवशी परत आली, एक्केचाळीस शिक्क्यांसह. नऊ घरं गेली.

शिमे : त्यातली चार परत आली. लंगोट दिसायला लागल्यावर.

ओरिहारा : आमचे लोक म्हणतील, हे ठीक आहे, पण भूकंप झाला, वादळ आलं, तर शेवटचा निरोप कोणाचा कधी आला ते कळायला नको का?

ताझुको : तुमच्या बेटावर घरं किती?

ओरिहारा : अठ्ठावीस.

ताझुको : मग अठ्ठावीस दारं वाजवा.

शिमे : सात पुरुष आहेत ना? प्रत्येकी चार येतात.

ओरिहारा : हे मी असंच्या असं सांगेन त्यांना. प्रोग्राम आहे तसा द्या, ताझुकोसान. भांडण माझ्याकडे लागलं. मुनेओकासान भेटू शकतील का? मला त्यांनाही विचारायचं होतं.

ताझुको : ते २०२२ च्या उन्हाळ्यात गेले. झोपेत. जाण्याआधी सगळा प्रोग्राम मोकळा करून ठेवला. तुमचं बेट धरून बारा वस्त्या होतील. त्यांच्या अंगणात आता त्यांची बायको मुळे लावते.

शिमे : भरीव निघतात.

ताझुको : काकुतानी मुलीकडे असतात, ओकायामाला. अलीकडे विसरायला होतं त्यांना. रोज सकाळी योबिरिनवर सबंध वस्तीला छत्री घ्या की नको ते कळवतात, ओकायामाचा पाऊस बघून. आम्ही सगळे घेतो छत्री. हिदामारी दुसऱ्या एका कंपनीनं विकत घेतली आणि बंद केली. त्यातलं सगळं कुठं गेलं, ते विचारायला फोन केला तर यंत्रच बोलतं. उत्सुमींचा पत्ता मी तीन वर्षं शोधला. थोरली मुलगी कोबेला सापडली, शिंपीकाम करत होती. मी जाऊन सांगितलं सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि दार लावलं. तिचा हक्क होता.

शिमे : आणि आम्ही दोघी या अशा. ही अजून मोशीमोशी ऐकल्यावर बोट हलवते.

ओरिहारा : चिगुसासान?

शिमे : चार वर्षं होती माझ्याकडे. पोरीची चौथी झाली त्या मार्चमध्ये गेली. जाताना चिकुवाच्या काठ्या सगळ्या घासून, बांधून ठेवल्या. मला निरोप येतो तिचा, महिन्यातून एकदा तरी. पोर आईपेक्षा उंच झाली म्हणे. तिला मासे आवडत नाहीत.

ओरिहारा : कुठं असतात त्या आता?

शिमे : मी विचारलं नाही.

ओरिहारा : पण निरोप येतो म्हणजे तो कुठून येतो ते यंत्रात कुठं तरी...

ताझुको : नाही, ओरिहारासान. आम्हाला ते कळत नाही. आम्ही ते तसंच बनवलंय.